आधी उत्तरपत्रिका, मग वेळापत्रक

दिवाळी अंक घरोघरी पोचतो तोवर अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत पहिल्या मिडटर्मचे निकाल लागलेले असतात. फोनवर आई विचारते, ‘कसं चाललंय रे कॉलेज?’ आणि पलीकडून ‘मस्त’ एवढंच येतं. त्या ‘मस्त’मागे कधी केमिस्ट्रीतला डी असतो, कधी कॅल्क्युलसमध्ये शंभरपैकी सेहेचाळीस. हायस्कूलमध्ये ज्याने ए-खेरीज दुसरं अक्षर पाहिलं नव्हतं आणि ऑगस्टमध्ये ज्याला आपण हौसेने डॉर्मवर सोडून आलो, तोच हा मुलगा.

घरी हे कळल्यावर पुढे काय होतं तेही जवळपास ठरलेलं आहे. आधी बोलाचाली, मग अबोला, मग बाबा लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये वेळापत्रक बनवतात. सकाळी सहा ते साडेसात कॅल्क्युलस, संध्याकाळी सात ते नऊ केमिस्ट्री, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. हे वेळापत्रक आठवडाभर टिकतं आणि मोडलं की खापर मुलाच्या आळसावर फुटतं. माझ्या मते चूक आळसाची क्वचित असते, बहुतेक वेळा ती क्रमाची असते. मार्क का गेले हे न शोधताच आपण तास वाढवतो. ज्या पद्धतीने अभ्यास करून डी मिळाला, तीच पद्धत मग रोज आणखी दोन तास चालते.

या घाईत आपल्या पिढीच्या सवयीचा मोठा हात आहे. आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या, नागपूर-सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आले. तिथे सेमिस्टरभर सबमिशनं आणि कँटीन, खरा अभ्यास पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत. मागच्या पाच वर्षांचे पेपर, मित्राच्या झेरॉक्स नोट्स, रात्रीची जागरणं, आणि एवढं करूनही एम-थ्री राहिलाच तर केटी घेऊन पुढच्या वर्षात बसायची सोय. ती व्यवस्था वाईट होती असं मी म्हणत नाही, तिच्यातूनच आपण इथवर आलो. पण इथे पीएल नाही. फायनलच्या आधी फार तर एखाद-दोन मोकळे दिवस मिळतात. मार्कही सेमिस्टरभर थोडे थोडे वाटलेले असतात, कुठे होमवर्कला, कुठे क्विझला, कुठे लॅबला, दोन-तीन मिडटर्मना. ऑक्टोबर संपेपर्यंत ग्रेडचा चांगला मोठा हिस्सा ठरून गेलेला असतो. अशा वेळी ‘आता लाग जोमाने अभ्यासाला’ हा सल्ला पीएलच्या जगातून आलेला असतो आणि इथे तो उशिरा पोचतो.

(जाता जाता : ज्या काकांना स्वतःला दोन केट्या होत्या, त्यांनी हे मुलांना एकदा सांगितलं तर काय बिघडेल? आमच्याकडे सगळेच बाबा फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.)

मी इथल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. पेपर परत दिला की वर्गात काय घडतं ते दरवर्षी सारखंच असतं. मुलं पहिल्या पानावरचा आकडा बघतात आणि पेपर बॅगेत घालतात. आतली पानं उघडतच नाहीत. हल्ली पेपर ऑनलाइन तपासले जातात, त्यामुळे बॅगेत घालण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. वास्तविक शिक्षकाने लाल शाईत लिहिलेल्या त्या आतल्या पानांवरच निदान असतं. चौपन्न मार्क गेले म्हणजे नेमके कुठे गेले? संकल्पनाच कळली नव्हती म्हणून, की कळली होती पण चिन्ह चुकलं म्हणून? प्रश्न नीट वाचला नाही म्हणून, की शेवटच्या दोन गणितांपर्यंत पोचायला वेळच उरला नाही म्हणून? की ज्या शुक्रवारी तास बुडवला नेमका त्याच तासाचा भाग आला म्हणून? या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चिन्ह चुकणाऱ्याला आणखी दोन प्रकरणं वाचून काहीही फायदा नाही, आणि संकल्पना न कळलेल्याने घड्याळ लावून पेपर सोडवण्यात अर्थ नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लव्हेट यांनी यासाठी एक साधी पद्धत रुजवली. पेपर परत देताना त्यासोबत एक कागद द्यायचा : तयारी कशी केली, किती वेळ केली, मार्क कोणत्या प्रकारच्या चुकांनी गेले, पुढच्या वेळी काय बदलणार. विद्यार्थ्याने तो भरायचा आणि पुढच्या परीक्षेआधी शिक्षकाने तो परत त्याच्याच हातात ठेवायचा. ज्यांच्या कॉलेजात असा कागद मिळत नाही त्यांनी तो स्वतः लिहावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता ‘पण मला सगळं येत होतं!’ या वाक्याविषयी. मुलं हे खोटं बोलत नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे पुस्तक समोर असताना वाटणारं ‘येतंय’ खरंच असतं, फक्त ते टिकत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलायटरने रेघा मारणं या सगळ्यांत लोकप्रिय पद्धती तळाशी आल्या. वर आल्या त्या दोनच : स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास एकदम न करता दिवसादिवसांत विभागणं. आपल्या आजीला पाढे रोज संध्याकाळी म्हणायला लावले जायचे, ते काही अगदी वेडेपणाचं नव्हतं.

तासांचा आणि निकालाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण बर्कलीचं आहे. 1970च्या दशकात युरी ट्राइसमन तिथे कॅल्क्युलस शिकवणाऱ्यांबरोबर काम करत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. का, असं विचारलं की प्राध्यापक ठरीव उत्तरं देत : तळमळ कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. ट्राइसमन यांनी अंदाज बाजूला ठेवले आणि कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रत्यक्ष राहून त्यांचा अभ्यास पाहिला. नापास होणारी मुलं आळशी नव्हतीच. सांगितलेले आठवड्याचे आठेक तास ती इमानेइतबारे बसत होती, पण एकटी. चिनी मुलं तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ एकट्याने बसत, आणि मग संध्याकाळी एकत्र जमून, जेवता जेवता एकमेकांची उत्तरं ताडून पाहत. आपण कुठे चुकतोय हे त्यांना परीक्षेच्या आधीच कळायचं. ट्राइसमन यांनी पुढे अवघड गणितं गटात सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल पालटला. तास मोजून हे कारण कोणालाही सापडलं नसतं. बघितलं तेव्हा सापडलं.

एवढं झाल्यावर वेळापत्रक. त्याला माझा विरोध नाही, ते दुसऱ्या क्रमांकावर यावं एवढंच म्हणणं आहे. इथला हिशोब सोपा आहे. एका क्रेडिटला आठवड्याला वर्गातला एक तास आणि बाहेरचे किमान दोन तास धरले जातात. पंधरा क्रेडिटांचे पंचेचाळीस झाले. आठवड्याचे 168 तास, त्यातून हे पंचेचाळीस काढा, झोपेचे 56 काढा, जेवणखाण, आंघोळ, कपडे धुणं, येणंजाणं यांचे रोज तीन म्हणजे 21 काढा. तरीही 46 तास उरतात. म्हणजे वेळ नाही ही तक्रार बहुतेकांच्या बाबतीत टिकत नाही. आठवड्याला वीस-वीस तास नोकरी करणाऱ्यांची तारांबळ मात्र खरी असते. पण बाकीच्यांचे तास जातात कुठे? ते कल्पनेने भरू नये. एक आठवडा काहीही न बदलता, कोणालाही न दाखवता, काय केलं ते तासातासाने नुसतं टिपावं. अकराचा वर्ग आणि दोनचा वर्ग यांच्यामधले तीन तास कसे विरघळतात ते त्यात दिसतं. फोन तर स्वतःच हिशोब ठेवतो, तो फक्त उघडून बघायचा. या नोंदीआधीच घरचे लोक नाटकाची तालीम किंवा ढोल-ताशाचा सराव बंद करून टाकतात. मला हे पटत नाही. रविवारचे तीन तास ढोल वाजवून ज्याचा आठवडा चांगला जातो, त्याच्याकडून ते काढून घेतले तर ते केमिस्ट्रीला मिळतीलच याची खात्री कोण देणार?

दुसरी गोष्ट, अंदाज. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी 1994 मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं. सरासरी उत्तर सुमारे 34 दिवस होतं, प्रत्यक्षात सुमारे 56 लागले. आणि ही हुशार मुलं होती. तेव्हा ‘लॅब रिपोर्ट दोन तासांत होईल’ असं वाटलं की साडेतीन धरावेत. वेळापत्रकात रिकाम्या जागा सोडाव्यात. बाबांचं रंगीत एक्सेल आठवड्यात कोसळतं ते याचमुळे. त्यात सर्दी व्हायलासुद्धा जागा नसते.

पालकांविषयी थोडं कडू बोलायचं आहे. हायस्कूलची चार वर्षं आपण शाळेचं पोर्टल दिवसातून दोनदा उघडत होतो. कोणतं होमवर्क राहिलं हे मुलाच्या आधी आईला ठाऊक. त्या काळात मुलाच्या वेळेचं नियोजन होत होतं, ते करत होतो आपण. आणि मग एका ऑगस्टमध्ये ते एकदम थांबलं. 1974च्या फर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. करासाठी ते आपल्यावर अवलंबून असेल तर कॉलेज आपल्याला माहिती देऊ शकतं, पण देण्याचं बंधन नाही. फी भरणाऱ्या बापाला हे झोंबतं आणि तो लॉगिन मागतो. लॉगिन मागू नये. ज्याला स्वतःचे मार्क स्वतः बघायची सवयच लागली नाही, त्याला ती आता लागू द्यावी, आणि त्याने मार्क सांगितले तर पुढचा प्रश्न ‘बाकीच्यांना किती?’ हा नसावा. ‘पेपर बघितलास का?’ हा असावा. ज्या घरात डी सांगता येतो त्या घरात तो ऑक्टोबरमध्ये कळतो. ज्या घरात सांगता येत नाही तिथे तो मे महिन्यात कळतो, प्रोबेशनच्या पत्रासकट.

लवकर कळण्याने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. पदवीला 120 क्रेडिट धरू. पहिल्या सेमिस्टरच्या पंधरा क्रेडिटांना जीपीए 2.0 आला आणि पुढच्या 105 क्रेडिटांना 3.6 राखला, तर शेवटी 3.4 होतो. कोणाला ती पहिली पडझड दिसणारही नाही. तेच दोन वर्षं झाकून ठेवलं, म्हणजे साठ क्रेडिट 2.0ने गेली, तर उरलेल्या साठांत 3.6 मिळवूनही 2.8वरच थांबावं लागतं.

हे सगळे लाड आहेत, आम्हाला कोणी विचारलं नाही की पेपर बघितलास का, असं म्हणणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगते, स्वतःच्या चुका एकेक करून उघड्या डोळ्यांनी बघणं हे जागरणापेक्षा कठीण काम आहे. करून पाहावं. एक अपवाद मात्र मान्य. मूल खोलीबाहेर पडत नसेल, झोप उडाली असेल किंवा दिवसरात्र झोपूनच असेल, तर उत्तरपत्रिकाही बाजूला ठेवा आणि वेळापत्रकही. आधी कॉलेजचं समुपदेशन केंद्र. तिथे जाण्यात कमीपणा नाही, आणि न जाता थांबण्यात धोका आहे.

इथल्या मराठी मंडळाकडेही एक मागणी. आपल्या गुणगौरव समारंभात दरवर्षी व्हॅलेडिक्टोरियन आणि मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेली मुलं व्यासपीठावर येतात. टाळ्या वाजवाव्यात, त्यांनी मिळवलंय. पण सेकंड इयरला प्रोबेशनवरून वर आलेला एखादा दादा किंवा ताई राजीखुशीने बोलायला तयार असेल तर त्यांनाही दहा मिनिटं द्या. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना त्या दहा मिनिटांचा उपयोग जास्त होईल. आणि मराठी शाळेचे वर्ग रविवारी दुपारी रिकामे असतात. जवळच्या कॉलेजांतल्या मुलांना तिथे एकत्र बसून गणितं सोडवू द्या. चहाचा खर्च मंडळाला जड नाही.

शेवटी तातडीचं. बहुतेक कॉलेजांत विषय सोडून देण्याची, म्हणजे एफ-ऐवजी डब्ल्यू घेण्याची मुदत ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी संपते. प्रत्येक कॉलेजची तारीख वेगळी असते आणि ती रजिस्ट्रारच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. एफ-वन व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी बारा क्रेडिटांच्या खाली जाण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यायलाच हवी, नाहीतर व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं. स्कॉलरशिप असेल तर तिची अटही वाचून घ्या. अंक वाचून झाला की मुलाला फोन करा आणि ती तारीख त्यालाच बघायला सांगा.