बिळातला मासा आणि घरातला समुद्र

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात निवट्याचे बीळ कोठे असते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाऊल वाजले की निवटा क्षणात अदृश्य! बीळ हे त्याचे नुसते घर नव्हे. तेच त्याचे अभय आहे. हे आज आठवण्याचे कारण असे, की खाऱ्या पाण्याची काचपेटी घरात ठेवण्याचा शौक आता किनाऱ्यापुरता उरलेला नाही.

समजा, बीदर जिल्ह्यातील भालकी-औरादच्या किंवा कलबुर्गीतील आळंदच्या एखाद्या मराठी घरात अशी पेटी मांडावयाची आहे. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. म्हणजे तो घरातच तयार करावा लागणार. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने २०० लिटरांना ७ किलो मीठ हवे, आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे. उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो. पेटीतले पाणी मात्र २५ ते २७ अंशांवर राखावे लागते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच. वीज गेली तर पेटीतील हवेचीही तजवीज हवी.

हे सारे पैशाने साधते. विसर पडतो तो बिळाचा! जॉफिश हा मासा वाळूत उभी विहीर खणतो आणि तोंडाने खडे-शिंपले आणून तिचा काठ बांधतो. नर तर अंडीही तोंडातच सांभाळतो. निवट्याचा भाऊबंद गोबी बिळाच्या दारी पहारा देतो आणि अधू नजरेची कोळंबी मिशी त्याच्या अंगाला टेकवून आत खोदकाम करते. अशा जीवाला बोटभर वाळूवर सोडणे म्हणजे त्याला उघड्यावर टाकणे होय. चार-पाच इंचांचा वाळू-शिंपल्यांचा थर हवा. दगड आधी तळावर पक्के बसवून मगच वाळू घालावी, अन्यथा खणणारा मासा त्याखालीच चिरडतो. वर झाकण हवेच. घाबरलेला मासा उडी घेतो, तो थेट फरशीवर.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर हा मासा आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना हौसच भागवावयाची आहे त्यांनी टाकीत पैदा झालेला विदूषक मासा घ्यावा; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच सिद्ध केले आहे. त्याला बीळ लागत नाही, आणि त्याच्यासाठी समुद्रही लुटावा लागत नाही.

बीदरकरांना खोदकामाचे मोल आम्ही सांगावे असे नाही. कोकणाप्रमाणेच तेथेही जांभा आहे, आणि त्या जांभ्यात बहामनी काळी खोदलेले पाण्याचे भुयारी मार्ग आजही पाहावयास मिळतात. जमिनीखालचा आसरा जीव कसा जगवतो, हे ज्या भूमीला इतके जुने ठाऊक, तेथील घरात एका मुक्या जीवाला चार इंच वाळू नाकारली जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.