थरावर थर, कूपनवर कूपन!

महिन्याची एक तारीख. सकाळची मीटिंग चालू असतानाच सगळ्यांचे मोबाइल एकदम टुणटुणतात. पगार जमा! चेहरे उजळतात न उजळतात तोच दुसरी टुणटुण सुरू. ‘महाबचत’, ‘फ्लॅट २५० ऑफ’, ‘ऑफर फक्त आज रात्री बारापर्यंत’. तुमचा पगार झाल्याचं तुमच्या आईबाबांच्या आधी साबणवाल्यांना कळतं, बोला!

तर मंडळी, या आठवड्याचा फंडा आहे स्टॅकिंग. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एसआयपीच्या खालोखाल आता हाच विषय चघळला जातो. एकच कूपन वापरणं म्हणजे बालवाडी. खरे खेळाडू सेलवर कूपन चढवतात, कूपनवर बँकेच्या कार्डाची सूट आणि सगळ्यात वर पॉइंट्स किंवा कॅशबॅक. अगदी दहीहंडीचे थर. आणि दहीहंडीचा नियम इथेही लागू. वर चढलेला गोविंदा कितीही चपळ असो, खालचा थर कच्चा असेल तर सगळे धपकन खाली.

खालचा थर म्हणजे वस्तूचा मूळ भाव. तिथेच आपण सगळे गंडतो.

एक बिल घेऊ या. महिन्याच्या सामानाची यादी केली, पाकिटांवरच्या एमआरपीची बेरीज आली २,४०० रुपये. ॲपवर सेल चालू, म्हणून तेच सामान २,१०० ला. १,५०० च्या वर खरेदी केली तर १५० रुपये कमी, असं एक कूपन होतं, ते टाकलं. झाले १,९५०. मग एका बँकेच्या कार्डावर १० टक्के सूट, पण जास्तीत जास्त १५० (हे ‘जास्तीत जास्त’ नेहमी मुंगीच्या अक्षरात का लिहितात?). झाले १,८००. वर कार्डाचे पॉइंट्स, धरा अठरा-वीस रुपयांचे. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत झळकतं, ‘अभिनंदन! तुम्ही ६०० रुपये वाचवलेत.’ कॉलर टाइट!

जरा थांबा. हे ६०० मोजले कुठून? एमआरपीपासून. एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सगळे कर धरून. यातला ‘कमाल’ हा शब्द नीट वाचा. त्याहून जास्त घेणं बेकायदा, कमी घेतलं तर कोणाचीच ना नाही. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत उघडलं आणि ही साखळी मोठी झाली ती कूपनवर नाही, रोजच कमी भावाने विकण्यावर. समजा तेच सामान तुमच्या जवळच्या अशाच एखाद्या दुकानात काहीही न करता १,९५० ला मिळतंय. मग तुमची बचत ६०० नाही, १५० आहे. त्यात ॲपने डिलिव्हरी आणि ‘हँडलिंग’चे मिळून ४० लावले असतील तर ११०. (दुकानात जायला-यायला रिक्षाचे किती होतात तेही धरा. हिशेब दोन्हीकडचा हवा.)

आता ११० रुपये म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नवं घर, निम्मा पगार हप्त्यात, वीस तारखेनंतर बाहेर जेवायला जायचं की नाही यावर चर्चासत्र, असं ज्यांचं चाललंय त्यांना शंभराची नोट काय असते ते विचारा. पण ६०० वाचले असं समजून त्यातले ४०० पिझ्झ्यावर उडवले, तर महिन्याला २९० चा खड्डा. हा खड्डा कुठल्याच स्क्रीनवर हिरव्या अक्षरात दिसत नाही.

थोडं गणित, फार नाही. २० टक्के आणि त्यावर १० टक्के म्हणजे ३० टक्के नव्हेत. १०० चे ८० झाले, ८० चे ७२. म्हणजे सूट २८ टक्के. आणि क्रमालाही महत्त्व आहे. २,००० च्या बिलावर एक कूपन २०० रुपयांचं आणि एक १० टक्क्यांचं. आधी २०० वजा केले आणि मग १० टक्के, तर १,६२०. आधी १० टक्के आणि मग २००, तर १,६००. टक्केवारी आधी, रोख सूट नंतर, यात आपला फायदा. क्रम बहुतेक वेळा ॲपच ठरवतं, तो भाग वेगळा. पण काउंटरवर जिथे निवड तुमच्या हातात असेल तिथे कॅशियरला गोड बोलून विचारायला काय जातं?

गिफ्ट व्हाउचरचा थरही सध्या जाम हिट आहे. बऱ्याच बँकांच्या आणि कंपन्यांच्या पोर्टलवर मोठ्या दुकानांची व्हाउचर्स छापील किमतीपेक्षा काही टक्के स्वस्त मिळतात. मात्र व्हाउचरने पैसे भरले की कार्डावरची सूट सहसा जाते, कारण पैसे भरायचा थर एकच असतो. दोन्हींतलं जास्त कशात सुटतंय ते बघायचं आणि मोकळं व्हायचं.

खरा सापळा आहे ‘किमान खरेदी’. कार्टमध्ये १,३६० चं सामान आहे आणि कूपन लागतं १,५०० ला. मग सुरू होतो शोध. एक चॉकलेट, एक रूम फ्रेशनर, आणि कोरियन नूडल्स, ज्या आपण एरवी घेत नाही. १,५१० झाले, १५० सुटले, भरले १,३६०. म्हणजे खिशातून गेले तेवढेच, फक्त रूम फ्रेशनर घरी आलं! इथवर ठीक. पण कूपन १०० चंच असलं की याच उद्योगात तुम्ही ५० रुपये जास्त मोजता आणि वर खूशही होता. उपाय सोपा आहे. तूरडाळ, साबण, टूथपेस्ट अशा कधी ना कधी लागणारच असलेल्या चार-पाच वस्तूंची एक जोडयादी फोनमध्ये ठेवायची. १४० रुपये कमी पडले की त्यातलंच काहीतरी उचलायचं.

हा सगळा खेळ मुळात अमेरिकेतला. कोका-कोलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुकट ग्लासाची कूपन्स वाटली, तिथून हे वेड पसरलं. तिकडे रविवारच्या पेपरात कूपनांची पानं येतात, आणि उत्पादकाचं एक कूपन, दुकानाचं एक, असं एकाच डब्यावर दोन लावायची अनेक दुकानांत मुभा असते. आपल्याकडे कंपन्या कूपनापेक्षा वस्तूच चिकटवतात. पावडरवर बादली फ्री, तेलावर कंगवा फ्री. (ती शॅम्पूची फुकट पुडी बाटलीवरून आधीच कोणीतरी सोलून घेतलेली असते, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

पण दुकानं हे का करतात? दानधर्म म्हणून? एकच वस्तू दोन प्रकारच्या लोकांना दोन भावांत विकायची ही युक्ती आहे. ज्याला वेळ आहे आणि पैशाची चणचण आहे तो कूपन शोधतो, त्याला स्वस्त. ज्याला घाई आहे तो पूर्ण भाव देतो. आणि गंमत म्हणजे कूपन काढून घेतलेलं आपल्यालाही आवडत नाही. अमेरिकेतल्या जेसी पेनी या साखळीने २०१२ मध्ये ठरवलं की कूपन्स आणि खोटे सेल बंद, रोज एकच सरळ भाव. ॲपलची दुकानं गाजवून आलेले रॉन जॉन्सन तिथे प्रमुख होते. वर्षभरात विक्री जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरली, २०१३ च्या एप्रिलमध्ये जॉन्सन गेले आणि कूपन्स परत आली. लोकांना स्वस्त नको होतं, स्वस्तात मिळवल्याचा आनंद हवा होता. स्क्रीनवरची ती हिरवी अक्षरं याच आनंदाची आहेत.

आता जरा सीरियस. कार्डाचा थर सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात डेंजर. तुम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल तर प्रश्नच नाही, कार्ड तुमचा दोस्त. पण समजा बिल १८,००० चं आलं आणि ‘मिनिमम ड्यू’चे ९०० भरून तुम्ही हुश्श केलंत. उरले १७,१००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, झाले सुमारे ६००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०० च्या वर. हा ढोबळ हिशेब झाला, प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे कूपन शोधण्यात घालवलेल्या कितीतरी संध्याकाळी एका महिन्यात साफ! ज्यांची थकबाकी चालू आहे त्यांच्यासाठी या पानावरची सगळ्यात मोठी बचत म्हणजे ती थकबाकी आधी मिटवणं आणि तोवर कार्डाच्या ऑफरकडे ढुंकूनही न बघणं.

आमच्या गल्लीतल्या वाणीकाकांना मी सहज विचारलं, ‘काका, तुमच्याकडे कूपन चालतं का हो?’ ते म्हणाले, ‘ताई, आपल्याकडे कूपन नाही, वही आहे.’ बिनव्याजी उधारी, एक ब्रेड लागला तरी पोरगा वर आणून देतो, आणि जाळी लागलेला रवा बिनबोभाट बदलून मिळतो. हेही एका प्रकारचं स्टॅकिंगच, नाही का?

त्याहून जुना आणि खास आपला प्रकार म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत, १९७५ पासूनची. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची एकत्र मागणी नोंदवायची, सामान एकगठ्ठा येणार आणि आपापसात वाटून घ्यायचं. मधला खर्चच कमी, मग कूपन कशाला? तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगच्या भांडणांमधून वेळ मिळाला तर तांदूळ आणि तेल असं एकत्र मागवून बघा.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत नोकरी करते. या सगळ्यात तिची पद्धत मला सही वाटते. तिने फोनमध्ये फक्त बारा वस्तूंचे भाव लिहून ठेवलेत, ज्या तिच्या घरात दर महिन्याला लागतातच. प्रत्येकीपुढे आजवर मिळालेला सगळ्यात कमी भाव, तोही पाकिटाचा नाही तर किलोचा किंवा लिटरचा. (पाकिटावर हल्ली दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, तो बघायची सवय लावा. ‘फॅमिली पॅक’ दरवेळी स्वस्त असतोच असं नाही.) सेल आला की ती ‘किती टक्के ऑफ’ वाचतच नाही. आपल्या आकड्याखाली आलं तर घ्यायचं, नाही तर टॅब बंद. आणि थर लावते ते फक्त न खराब होणाऱ्या गोष्टींवर. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड्स. रवा-डाळीचा साठा नाही, किडे पडतात. आणि तीन महिन्यांच्या वर काहीच नाही, कारण वन बीएचकेमध्ये पलंगाखालच्या जागेलाही भाडं पडतं.

शेवटी थोडी सावधगिरी. ‘फक्त सात मिनिटं उरली’ म्हणणारं ते घड्याळ दुसऱ्या दिवशीही सात मिनिटांवरच असेल तर समजून जा. खोटी घाई करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं, शेवटच्या पानावर नवे चार्जेस काढणं हे सगळे ‘डार्क पॅटर्न’ म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोडीत काढले आहेत. एकूण तेरा प्रकार आहेत यादीत. दिसले तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा.

कॅशबॅकची ऑफर घेतानाही अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ‘इन्स्टंट डिस्काउंट’ लगेच कापला जातो, कॅशबॅक मात्र कधीकधी दोन-तीन महिन्यांनी येतो, तोवर आपण विसरलेलो असतो. एखादी वस्तू परत केली तर कूपनाची सूटही बहुधा त्या प्रमाणात कापून घेतात, तेव्हा फ्रेशनर परत करायचा विचार असेल तर आधी अटी वाचा. आणि कॅशबॅकची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये, रिमाइंडरसकट.