चूक चारचौघांत, दुरुस्ती कानात

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत आलेली ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच गावोगाव पोचली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. ते आवश्यकच होते. पण खोटे ओळखूनही तिथल्या तिथे न बोलण्याची आपली रीत अशा बंधनाने बदलत नाही, आणि मला भीती तिची वाटते.

नात्यातल्या ग्रुपवर काका मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या काढ्याची कृती टाकतात. खाली जोडलेले हात, अंगठे, ‘खूप उपयुक्त माहिती’. ग्रुपमध्ये एक डॉक्टर भाची असते. हे वाचून कुणी इन्सुलिन थांबवले तर जिवावर बेतेल, हे ती जाणते. पण चारचौघांत काकांना कसे टोकायचे? ती पर्सनलवर लिहिते, “काका, हे खरं नाहीये हो.” काकाही समजुतीने “बरं” म्हणतात. वयाचा मान राहतो, नाते राहते आणि ग्रुपवर तो काढाही राहतो. काकांनी तो नंतर डिलीट केला, तरी आधी वाचून गेलेल्यांना काय चुकीचे होते ते कळत नाही. उलट, डॉक्टर असूनही ती काही बोलली नाही, म्हणजे खरेच असणार, असे लोक धरून चालतात. जाणत्याचे मौन खोट्याच्या बाजूने साक्ष देते.

ॲडमिन बघेल, असे म्हणून सुटता येत नाही. संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. निकाल रास्त आहे. ॲडमिन पुष्कळदा कुणाचा तरी पुतण्या असतो. औषधातले त्याला काय कळणार?

जाहीर दुरुस्तीने माणसे दुखावतात, रागाने ग्रुप सोडतात, हे खरे आहे. म्हणून शब्द सौम्य हवेत, पण जागा तीच हवी. “काका, रागावू नका, पण हे बरोबर नाही. कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.” जे ठाऊक आहे ते एवढ्या दोन ओळींत, त्याच संदेशाखाली, सगळ्यांना दिसेल असे लिहा.