गोळीनंतरचा शब्द

अमेरिकेंत निवडणुकीचा प्रचार ऐन रंगांत असतां उमेदवारावर गोळी झाडली जावी, हें पुनःपुन्हां घडलें आहे. त्यांतील एक प्रसंग वाचकांपुढें ठेवण्याजोगा आम्हांस वाटतो.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजीं, नव्या पक्षातर्फें पुनः उभे राहिलेले माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिलवॉकी येथें सभेस निघाले असतां एकानें त्यांच्या छातीवर गोळी झाडली. खिशांतील पन्नास पानी भाषणाची घडी व चष्म्याचें धातूचें घर भेदतांना गोळीचा वेग मंदावला. जमाव खवळला, पण मारेकऱ्यास कोणीं इजा करूं नये, असें जखमी रूझवेल्ट यांनींच बजावलें. मग रक्तानें भिजलेल्या सदऱ्यानिशीं सुमारें दीड तास बोलून ते इस्पितळांत गेले. गोळी अखेरपर्यंत शरीरांतच राहिली. प्रतिस्पर्धी विल्सन यांनीं आपला प्रचार कांहीं काळ थांबविला. मारेकरी पुढें वेडा ठरला.

१९६८ मध्यें रॉबर्ट केनेडी यांचा प्रचारांतच वध झाला व प्रमुख उमेदवारांस सरकारी पहारा मिळूं लागला. तरी १९७२ मध्यें जॉर्ज वॉलेस गोळीनें कायमचे पंगु झाले. २०२४ मध्यें बटलर येथें डोनाल्ड ट्रंप यांच्या कानास गोळी लागली व सभेंतील एका श्रोत्याचा प्राण गेला.

भ्रमिष्टाचा हात पहाऱ्यासही नेहमीं आवरत नाहीं. जमावाचा हात मात्र पुढाऱ्याच्या शब्दानें आवरतो. गीतेनें वाणीच्या संयमास तप म्हटलें आहे. घरांत पंक्तीस भिन्न पक्षांचे मुलगे वादास बसतात, तेव्हां वडील मंडळींनीं हा प्रसंग अवश्य सांगावा.