शिसपेन्सिलीचे पापुद्रे

गेल्या वर्षी या सदरात आयर्लंडच्या क्षाराच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं, किटलीच्या बुडाशी बसणाऱ्या त्या पांढऱ्या थराबद्दल. त्यानंतर मंडळातल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला: ‘ग्राफीन ऑक्साईडचा फिल्टर घ्यावा का?’ उत्तर दोन ओळींत देता येईल. पण पदार्थ मजेदार आहे आणि त्याच्या नावावर बरंच काही खपवलं जातं, म्हणून जरा मुळापासून सांगते.

शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाईट असतं. कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, अशा जाळ्यांचे पापुद्रे एकावर एक. त्यातला एक सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. वीज उत्तम वाहून नेतो, ताणायला पोलादापेक्षा चिवट. अडचण एकच, हे पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटून असतात. दिवाळीत चिरोटे करणाऱ्यांना हे सांगायला नको. साटा नीट लावला नाही की पदर सुटत नाहीत.

ग्राफाईटला साटा लावला तो ऑक्सिजनचा. 1859 मध्ये बेंजामिन ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ग्राफाईटवर पोटॅशियम क्लोरेट आणि नायट्रिक ॲसिडचा मारा केला. पुढे 1958 मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी जरा कमी धोक्याची रीत काढली. तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं. हो, आपल्याकडे विहिरीत टाकायचे तेच जांभळे खडे. पापुद्र्यांवर जागोजागी ऑक्सिजन चिकटतो, त्यांच्यातलं अंतर जवळपास दुप्पट होतं आणि मधे पाणी शिरतं. मग नुसतं ढवळलं तरी पदर सुटतात आणि तपकिरी पाणी तयार होतं. हेच ग्राफीन ऑक्साईड. ग्राफीन पाण्यात मिसळत नाही, हे मिसळतं. कागदासारखं पसरवता येतं, रंगासारखं फासता येतं.

पण साट्याची किंमत मोजावी लागते. ऑक्सिजन बसला की विजेची वाट तुटते. तापवून किंवा चक्क क जीवनसत्त्व वापरून तो बराचसा काढता येतो, पदार्थ पुन्हा काळा होतो, वीजही थोडीफार वाहते. तरी जाळीला पडलेली भोकं पूर्ण बुजत नाहीत.

इथे आपल्या डब्लिनचा संबंध येतो. ट्रिनिटी कॉलेजमधल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने ठरवलं की ऑक्सिजनला मधे आणायचंच नाही. 2008 मध्ये त्यांनी योग्य द्रावणात अल्ट्रासाऊंड लावून पापुद्रे सोडवले. 2014 मध्ये तर स्वयंपाकघरातला मिक्सर घेतला! पाणी, ग्राफाईटची भुकटी, भांडी घासायचं लिक्विड, आणि फिरवा. पात्याजवळच्या वेगाने थर एकमेकांवरून घसरतात आणि साबण त्यांना पुन्हा चिकटू देत नाही. (घरी करू नका. ग्राफीन वेगळं काढायला सेंट्रीफ्यूज लागतो, आणि त्या मिक्सरमध्ये नंतर चटणी कोण वाटणार?) असं ग्राफीन त्यांनी 2016 मध्ये मुलांच्या सिली पुटीत कालवलं. तो गोळा इतका हळवा झाला की मानेवर ठेवला तर नाडी कळे, आणि छोट्या कोळ्याची पावलंसुद्धा.

तेव्हा विजेचं काम असेल तर डब्लिनची रीत. पाण्याचं काम असेल तर मात्र ऑक्साईडच हवं. मँचेस्टरमध्ये राहुल नायर, आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं की ग्राफीन ऑक्साईडच्या पडद्यातून हेलियमसारखा वायू जात नाही, पाण्याची वाफ मात्र आरामात जाते. गंमत म्हणून त्यांनी व्होडकाची बाटली या पडद्याने बंद केली. पाणी उडत गेलं, व्होडका कडक होत गेली. (व्हिस्कीचा प्रयोग कुणी केला असेल तर मला कळवा.) पण पाण्यात बुडवल्यावर पडदा फुगतो आणि मीठही आत घेतो. 2017 मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंनी इपॉक्सीने आवळून फुगणं रोखलं, तेव्हा पाण्यातलं सुमारे 97 टक्के मीठ अडलं. हे प्रयोगशाळेतलं यश आहे. प्रयोगशाळेतल्या पडद्यापासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत बराच रस्ता असतो.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला हा विषय घ्यावासाच वाटला. 2021 मध्ये ‘लशीत ग्राफीन ऑक्साईड आहे’ असा निरोप जगभर फिरला. सांगलीत माझ्या मामांच्या फोनवरही आला आणि त्यांनी दुसरा डोस तीन महिने लांबवला. वय 71, मधुमेह. मी इथे बसून रोज फोनवर वाद घालत होते. शेवटी कोविशील्डच्या पत्रकातली यादीच वाचून दाखवली: हिस्टिडीन, साखर, मीठ, मॅग्नेशियम क्लोराईड, पॉलिसॉर्बेट 80, थोडं अल्कोहोल, एडिटेट, पाणी. ‘मग ते काळं कुठंय?’ असं विचारून मामा गेले एकदाचे. निरोपाला ज्या अहवालाचा आधार होता, त्यापासून स्पेनमधल्या त्या विद्यापीठाने स्वतःच हात झटकले होते.

म्हणजे पदार्थ निरुपद्रवी आहे असंही नाही. कोणतीही बारीक भुकटी श्वासातून जाते तेव्हा प्रश्न विचारायलाच हवेत. कॅनडाने 2021 मध्ये ग्राफीन असलेले मास्क तात्पुरते बाजारातून काढायला लावले होते. 2024 मध्ये एडिंबरात 14 निरोगी स्वयंसेवकांना ग्राफीन ऑक्साईडचे शुद्ध, पातळ कण थोड्या प्रमाणात श्वासावाटे दिले, तेव्हा लगेचचा घातक परिणाम दिसला नाही. वर्षानुवर्षांचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तर फिल्टर. डब्यावर ‘ग्राफीन’ लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला विचारा: आत किती आहे, ते काय अडवतं, आणि तपासणीचा कागद कुठे आहे? किटलीतला थर हा कॅल्शियमचा. त्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर पुरतो, आणि ते पाणी प्यायला वाईट नसतंच. ज्यांच्या घरी स्वतःची विहीर आहे त्यांनी मात्र फिल्टरच्या आधी पाणी वर्षातून एकदा जिवाणूंसाठी तपासून घ्यावं, शक्यतो मोठ्या पावसानंतर. जिवाणू निघाले तर यूव्ही दिवा बसवा आणि ग्राफीनसाठी ठेवलेले पैसे त्याकडे वळवा.