विद्यापीठ निवडताना गावही पाहावे

शालान्त परीक्षेचा निकाल अजून लागावयाचा आहे, तोच आमच्या बेळगावातील घराघरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू झाली आहे. पदवीच्या वर्गात जाण्यास मध्ये दोन वर्षे आहेत. परंतु वडीलधाऱ्या मंडळींची दृष्टी दूरवर असते. मुलगा असल्यास ते विचारतात, ‘कोणत्या विद्यापीठाचे नाव मोठे?’ मुलगी असल्यास विचारतात, ‘त्या गावी आपले कोण आहे?’ हे दोन्ही प्रश्न मायेपोटी विचारले जातात, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते अपुरे आहेत, असे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे.

वर्गात विद्यार्थी दिवसाचे चार-पाच तास असतो. उरलेला काळ तो गावात, वाचनालयात, खानावळीत आणि सोबत्यांत घालवितो. त्या काळात जे अंगी मुरते ते गुणपत्रिकेवर उमटत नाही. मात्र जन्मभर पुरते.

कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. आपल्या गावापासून सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या या नगरीत शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते १९६२ साली. परंतु तत्पूर्वी साठ वर्षे तेथे विद्यार्थ्यांना थारा देण्याची परंपरा सुरू झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. अशाच एका वसतिगृहात कुंभोजचे भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला, आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. परीक्षा देऊन मिळणारी पदवी भाऊरावांनी कधी मिळविली नाही. परंतु त्या नगरीत जे पाहिले, जे सोसले, त्यातून पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. गाव माणसाला कसे घडविते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता धारवाड पाहू. ते आपल्याला सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरपेक्षाही जवळ. कर्नाटक विद्यापीठ तेथे १९५० साली आले. तरीही आपल्यातील अनेकांना ते परके वाटते, कारण तेथील भाषा कानडी. या भीतीत तथ्य थोडे आणि सवय फार, असे आमचे मत आहे. कविवर्य द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. ते धारवाडात वाढले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, कानडीचे थोर कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांचे मराठीशी असलेले नाते त्यामुळे तुटले नाही. धारवाडचेच मल्लिकार्जुन मन्सूर गायन शिकण्यासाठी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे गेले आणि पुढे अल्लादियाखाँ यांच्या पुत्रांकडून त्यांनी जयपूर घराण्याची विद्या घेतली. विद्येने सीमा मानली नाही. मग आपण का मानावी? आपल्या भाषेवर आपली निष्ठा पक्की असेल, तर दुसरी भाषा आल्याने ती उणी होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘बोलणे सोपे आहे, परगावचा खर्च कोण करणार?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास आम्ही हसणार नाही. ज्यांना घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी बेळगावातच १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे व २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. घरी राहून शिकण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र अशा विद्यार्थ्यांनी आपले गावही विद्येचे गाव म्हणून वापरले पाहिजे. १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याची पायरी चढली आहे, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे.

मुलींच्या बाबतीत तर आमचे म्हणणे अधिक आग्रहाचे आहे. परगावी नातलग आहेत म्हणून मुलगी सुखरूप, असे मानले जाते. परंतु नातलगांच्या घरी राहणाऱ्या मुलीची संध्याकाळ बहुधा पाणी भरण्यात आणि धाकट्या मुलांना सांभाळण्यात जाते; वाचनालय व व्याख्याने तिच्यासाठी बंदच राहतात. आई-वडिलांनी नातलगांचा पत्ता शोधण्यापूर्वी वसतिगृहाची चौकशी करावी. तेथे राहणाऱ्या मुलींशी बोलावे. सायंकाळी सातच्या सुमारास ग्रंथालयात मुली वाचीत बसलेल्या दिसतात का, आणि नंतर त्या निर्धास्तपणे खोलीवर परततात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ज्या गावी हे दृश्य दिसेल, तेथे कोणी नातलग नसला तरी मुलीला खुशाल पाठवावे.

तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील एका वडील माणसाने व विद्यार्थ्याने मिळून एक दिवस त्या गावी जाऊन यावे. ग्रंथालयात घटकाभर बसावे, खानावळीत जेवावे, वाटेत भेटेल त्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारावेत. एस. टी.च्या तिकिटाला जे पैसे पडतील, ते तीन वर्षांच्या पश्चात्तापापेक्षा निश्चितच कमी असतील.