जुना संगणक इतक्यात देऊन टाकू नका

नारायण पेठेतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. गेली अठरा वर्षं त्या घरच्या घरी डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पुस्तकं. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर रात्रीचे दोन वाजतात. धाकटीच्या कॉलेजची फी याच कमाईतून जाते, असं त्यांनी जाता जाता लिहिलं आहे, पण मला वाटतं पत्रातलं मुख्य वाक्य तेच. आता मुलाने हौसेने ॲपलचा नवा मॅक आणून दिला आहे आणि यजमान म्हणतात, "ते जुनं धूड एक्स्चेंजमध्ये देऊन टाक, तेवढीच जागा मोकळी होईल." देऊ का, असं त्या विचारतात.

नका देऊ, बाई. इतक्यात तर मुळीच नको.

कारण सांगते. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही ना, तसंच एका जातीच्या प्रोसेसरसाठी केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीवर आपोआप चालत नाही. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे बसवायला सुरुवात केली. जुने मॅकचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून 'रोझेटा' नावाचा एक दुभाषा ठेवला. पण तो कायमचा नाही. मॅकओएस २७ पर्यंतच तो पूर्णपणे मिळेल, असं ॲपलने २०२५ साली जाहीर केलं. फोटोशॉपची गोष्ट वेगळी. मार्च २०२१ मध्येच ते नव्या प्रोसेसरसाठी तयार होऊन आलं, आणि इनडिझाइनही त्याच वर्षी आलं. तेव्हा चित्रं आणि पानं यांची काळजी फारशी नाही. त्यांना जोडून घेतलेली जुनी प्लग-इन्स मात्र एकेक तपासून घ्यावी.

खरी अडचण आहे आपल्या मराठीची. या बाईंचा जुना संगणक विंडोजचा. विंडोजचा प्रोग्रॅम मॅकवर तसाच चालत नाही. इंटेलच्या मॅकवर निदान बूट कॅम्पने विंडोज घालता यायचं, ती सोय नव्या मॅकवर राहिली नाही. पॅरलल्ससारखा प्रोग्रॅम घेऊन त्यात विंडोज चालवता येतं, पण तेसुद्धा नव्या प्रोसेसरसाठीचं वेगळं विंडोज. मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी काय किंवा सी-डॅकचं आयएसएम काय, दोन्ही आपल्या पुण्याचीच. तुमच्याकडे यातलं किंवा दुसरं जे असेल, त्याची तुमच्याकडची आवृत्ती नव्या यंत्रावर चालते का, हे विकणाऱ्याला आधी स्पष्ट विचारा, आणि जमल्यास उत्तर लेखी घ्या. काही प्रोग्रॅमना मागे यूएसबीचं कुलूप लावावं लागतं. तिथे तर जास्तच जपायला हवं. प्रोग्रॅमला दुभाषा मिळतो, पण कुलपाच्या ड्रायव्हरला मिळत नाही. तो नव्या प्रोसेसरसाठीच केलेला लागतो. प्रिंटरचंही तेच.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे बऱ्याच जणींनी नवे लॅपटॉप घेतले, कुणी अजून घेत असतील. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले आहेत, त्यांनाही हाच नियम लागू. दुकानात नुसतं "विंडोज आहे ना?" एवढं विचारून भागत नाही बरं का.

आता माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी असाच जुना संगणक एक्स्चेंजमध्ये दिला. फाइली सीडीवर उतरवल्या होत्या, म्हणून निर्धास्त होते. त्यात सासूबाईंनी सांगितलेल्या पाककृती मी टाइप केलेल्या होत्या. नव्या संगणकावर उघडल्या, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! जुन्या फॉन्टांत असंच असतं. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच्या जागांवरची, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की मजकूर मुका. छापील प्रतीवरून मी पुन्हा सगळं टाइप केलं, पण फदफद्याचं पान प्रतीत नव्हतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. फॉन्टचं नावही मी लिहून ठेवलं नव्हतं, दोष माझाच.

म्हणून जुनं यंत्र चालू आहे तोवरच आपला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदललेला मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात, आणि 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो. झालेल्या प्रत्येक कामाची पीडीएफही करून ठेवा. तिच्यात दुरुस्ती करणं कठीण, पण ती वाचता नि छापता तरी येते. कोणत्या कामाला कोणता फॉन्ट वापरला, हे साध्या वहीत लिहा. आणि नव्या मॅकवर इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसली तर घाबरू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

मग गिऱ्हाइकाचं एक खरं काम, लहानसं का होईना, नव्या यंत्रावर पहिल्यापासून छपाईपर्यंत करून बघा. दिवाळी अंकांच्या तोंडावर हा प्रयोग नको, मार्च-एप्रिल बरा. प्रोग्रॅमच्या जुन्या डब्या, परवान्याचे कागद, ते कुलूप, सगळं एका पिशवीत ठेवा. ॲडोबीचं वर्गणीचं खातं दोन संगणकांवर चालतं, त्यामुळे जुन्यावरून लगेच काढायचीही गरज नाही. जुनं यंत्र द्यायची वेळ येईल तेव्हा आठवणीने साइन आउट करा.

राहता राहिले यजमान. त्यांना सांगा, धुडाला जागा लागते ती पाटाएवढी, तीही टेबलाखाली. वर्तमानपत्रांची रद्दी आधी द्या.